आजोबांच्या वह्यांचं पुस्तक करून घेतलं: सोलापुरातल्या एका डीटीपी-बाइंडिंगवाल्यांचा रिव्ह्यू

सोलापुरात जुन्या वह्या-डायऱ्या दिल्या तर त्याचं नीट पुस्तक करून मिळतं का असं बऱ्याच जणांनी विचारलंय, प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते. मिळतं. दत्त चौकातनं आत गेलं की एका बोळात डीटीपी आणि बाइंडिंगचं दुकान आहे, तिथं आम्ही आजोबांच्या वह्यांचं पुस्तक करून घेतलं, डेमी साईज, हार्डबाउंड, अडीचशेच्या आतबाहेर पानं. दुकानाचं नाव टाकत नाही, एक तर मालक काकाच म्हणाले "नाव नका टाकू ओ ताई, हायत तेवढ्या पत्रिकाच उरकंनात", आणि दुसरं म्हणजे खाली थोडी कुरकुर पण करणार आहे. रेटिंग म्हणाल तर टायपिंगला पाच, बाइंडिंगला पाच, कव्हरला एक, सरासरी तुमची तुम्ही काढा.

आधी माल काय होता ते सांगते म्हणजे कामाचा अंदाज येईल. आजोबा मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आणि शाळामास्तर, दोन्ही एकदमच. बिदर-गुलबर्गा पट्ट्यातल्या तालुक्याच्या गावांत सगळी नोकरी झाली आणि रिटायर झाल्यावर सोलापुरात येऊन राहिले. मागं ठेवली एक पत्र्याची ट्रंक. आत शाळेच्या वह्या, चर्चच्या जमाखर्चाची रजिस्टरं, प्रवचनांचे सुटे कागद सुतळीनं बांधलेले, थोडी पत्रं, पाकीटभर फोटो. डांबरगोळ्यांचा वास, कडा कसरीनं खाल्लेल्या, शाई काही ठिकाणी तपकिरी पडून पार उडालेली. पुण्याच्या एका सर्व्हिसला फोटो पाठवले तर त्यांचं कोटेशन बघून पप्पा नुसते हसले, आणि मोबाईलवरच्या हस्ताक्षर ओळखणाऱ्या ॲपनं पहिल्याच पानावर 'मंडळी'ची 'भेंडी' करून टाकली. मग इथं आलो.

स्कॅनिंगला फुल मार्क. काकांनी वही पालथी करून काचेवर दाबली नाही, स्टँडला कॅमेरा लावून वरनं फोटो काढले, एकाही वहीची शिवण उसवली नाही. सुतळीतले कागद ज्या क्रमानं होते त्याच क्रमानं मागं पेन्सिलनं बारीक नंबर टाकले. हे मी बाकी दोन दुकानांत विचारलं होतं तर ते म्हणले सोडवून आणा, पानं सुटी करून आणा, फटाफट होईल. नाही म्हणलं.

टायपिंग करणारी मुलगी हे या दुकानाचं खरं भांडवल. घरी तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत कानडी, म्हणजे अगदी सोलापूरची. आजोबा लिहायचे मराठीत पण मधेच चार ओळी कानडी, कारण मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, निम्मी माणसं कानडी बोलणारी, आणि जे ज्या भाषेत ऐकलं ते त्याच भाषेत उतरवायची त्यांची सवय. दुसरीकडं कुठं कानडी आलं की ऑपरेटर चित्र चिकटवून मोकळा होतो, हिनं सगळं युनिकोडमध्ये, दोन्ही लिप्या एकाच ओळीत, रेघ न हलवता बसवलं. आणि वाचत वाचत टाईप करायची. बाकीचे अक्षर बघून बोटं चालवतात. ही थांबायची, फोन करायची, "ताई, फादरना बायको कशी काय?" म्हणलं फादर नव्हेत गं, पाळक, प्रोटेस्टंट, आमच्यात लग्न चालतं, नाहीतर मी कुठनं आले असते. मग तिला मेथॉडिस्ट म्हणजे काय ते सांगावं लागलं. जॉन वेस्ली म्हणून १७०३ साली जन्मलेला इंग्लंडचा धर्मोपदेशक, ऑक्सफर्डला असताना हा, ह्याचा भाऊ चार्ल्स आणि मित्र मिळून इतकं वेळच्या वेळी प्रार्थना, अभ्यास, तुरुंगातल्या कैद्यांना भेटणं असं करायचे की पोरांनी चिडवायला हे नाव पाडलं आणि तेच चिकटलं. पुढं चर्चची दारं बंद झाली तर खाणकामगारांसमोर उघड्या माळावर बोलायला लागला, आणि १७४८ मध्ये त्याच खाणींच्या वस्तीत किंग्जवूडला शाळा काढली. तिथनं ती खोडच लागली या लोकांना, चर्च तिथं शाळा. आपल्याकडं १८५६ ला मेथॉडिस्ट मिशनरी विल्यम बटलर आला, १८७० ला त्याच मिशनच्या इझाबेला थोबर्ननं लखनौच्या अमीनाबाद बाजारात सहा मुली घेऊन शाळा सुरू केली, आणि तालुक्याच्या गावापर्यंत येईतो पगाराला पैसे दोन माणसांचे नाहीत, म्हणून घंटा वाजवणारा, प्रार्थना घेणारा, गणित शिकवणारा आणि बोर्डिंगच्या पोरांना रात्री कंदिलापुढं बसवणारा माणूस एकच. आमचे आजोबा.

हे सगळं ऐकून ती म्हणाली, मग पुस्तकात पुढं हेच घ्या की, मला जसं कळलं नाही तसं बाकीच्यांना पण कळणार नाही. घेतलं. दीड पान आहे, तिच्याच प्रश्नांच्या क्रमानं.

आता काकांबद्दल. माणूस चांगला, हात चांगला, पण त्यांचं सगळं आयुष्य वाढदिवस विशेषांक, गौरव अंक, स्मरणिका यात गेलेलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक साचा तयार असतो. पहिल्या पानावर सोनेरी वेलबुट्टी, दुसऱ्यावर पुढाऱ्यांचे शुभेच्छा संदेश, मग 'जीवनपट', मग नातेवाईकांचे लेख ज्यांत प्रत्येकजण लिहितो की ते बाहेरून कठोर आतून मऊ होते, शेवटी जाहिराती. "संदेश घ्या ओ ताई, जाहिराती घ्या, छपाईचा खर्च निघतो." आम्ही म्हणलं आम्हाला आजोबांच्या वह्या जशाच्या तशा पायजेत. काकांना ते पटेना. वह्यांमध्ये हाय काय, नुसता हिशेब आणि बदल्या.

बरोबर बोलले. पाळकाचं आयुष्य म्हणजे नुसता हिशेब आणि बदल्याच असतात, आणि ते काढलं तर मागं उरतो तो गौरव अंकातला माणूस, जो कुणीही असू शकतो.

बदल्यांचंच बघा. मेथॉडिस्टांत मंडळी आपला पाळक निवडत नाही, बिशप पाठवतात. वर्षातनं एकदा कॉन्फरन्स भरते, शेवटच्या दिवशी नेमणुका वाचून दाखवतात, आणि तोवर कुणाला कुठं जायचंय ते पक्कं नसतं. वेस्ली स्वतः घोड्यावरनं फिरायचा आणि आपल्या उपदेशकांनाही एका जागी बसू द्यायचा नाही, त्याची ही शेपूट. आजोबांनी दरवर्षी कॉन्फरन्सहून आल्यावर एकच ओळ लिहिलीय. कधी नव्या गावाचं नाव, कधी नुसतं "पुन्हा येथेच". त्यावर एक शब्द नाही, बरं वाटलं का वाईट वाटलं काही नाही. आत्या सांगते की "पुन्हा येथेच" असलं की आजी ट्रंकेतनं पितळेचे डबे बाहेर काढायची, नाहीतर ते वर्षभर आतच. त्या मुलीनं या सगळ्या ओळी गोळा करून सुरुवातीला एका पानावर एकाखाली एक लावल्या, डावीकडं साल, उजवीकडं गाव. बाकी पान कोरं. काकांनी तिथं कबूतर टाकलं होतं, ते काढायला लावलं.

हिशेबाची रजिस्टरं हा तर खजिना आहे. तो भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात, त्यामुळं रुपये दोन प्रकारचे, निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार, सात हाली बरोबर सहा कलदार. मिशनकडनं येणारे पैसे कलदारात, बाजारहाट हालीत, म्हणून प्रत्येक पानावर दोन रकाने आणि मधे बारीक अक्षरात गुणाकार. रॉकेल, घंटेचा दोर, खडू, बोर्डिंगसाठी ज्वारी, पेट्रोमॅक्सचं मँटल. दानात आलेली 'मूठ' वेगळ्या ओळीत लिहिलेली, म्हणजे मंडळीतल्या बायका रोज भाकरीचं पीठ काढताना एक मूठ ज्वारी पाळकासाठी बाजूला टाकायच्या आणि रविवारी डबा आणायच्या, ती किती पायली भरली ते. नाताळच्या आठवड्यात मूठ वाढलेली, सुगीच्या आधी घटलेली. १ एप्रिल १९५७ पासनं नये पैसे आले तर त्या महिन्यात आजोबांच्या बेरजा चक्क चुकल्यात, खोडून परत केल्यात, गणिताच्या मास्तरांच्या! काका म्हणत होते दोन पानं नमुन्याला घेऊ, बाकी गाळू. त्या मुलीनं स्वतःहून टेबल करून दाखवले, रुपये-आणे-पै चे उभे रकाने, खाडाखोड पण रेघ मारून ठेवलेली. मी आजवर बघितलेल्या छपाईत आण्यांचा हिशेब इतका स्वच्छ लागलेला पाहिला नाही. तिथं आम्ही 'गाळू' हा विषय बंद केला.

पण खरी गंमत प्रवचनांच्या कागदांची. आजोबांनी एकही प्रवचन कोऱ्या कागदावर लिहिलेलं नाही. सगळी शाळेच्या चाचणी परीक्षेच्या उरलेल्या पेपरांच्या पाठीवर. एका बाजूला लूक १५, हरवलेलं मेंढरू, तीन मुद्दे, खाली गायन क्रमांक, आणि उलटा केला की इयत्ता सहावी, एका धनगराजवळ शंभर मेंढरं आहेत, त्यातली शेकडा बारा विकली तर. आता हे मुद्दाम केलं की योगायोग, देवालाच ठाऊक. काकांचं म्हणणं, प्रवचन ठेवा, गणित सोडा, कोण वाचणार. ती मुलगी म्हणाली, पण पुढची बाजू कुठली तेच कळंना, मी दोन्ही टाकते. म्हणून पुस्तकात डाव्या पानावर चाचणी परीक्षा, उजव्या पानावर प्रवचन, असं शेवटपर्यंत. पानं वाढली, खर्च वाढला, आमच्या घरात पण एकदोघांनी नाकं मुरडली. पण आता येणारा प्रत्येक जण तेच उघडून बसतो, माझ्या मुलानं तर उदाहरणं सोडवायला घेतली.

प्रवचनं मात्र सगळी सारखी नाहीत, काही अगदी कोरडी आहेत, हे नात म्हणून नव्हे वाचक म्हणून सांगते. सप्तशब्दांवरची दरवर्षी तीच तीच, गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या त्याच सात वाक्यांवर बोलायचं तर बिचारे दुसरं काय करणार. वॉच नाईटची, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीची, चांगली आहेत, छोटी, त्यांत गावातली वर्षभराची माणसं दिसतात. आणि शाळेच्या वहीतले शेरे तर लै भारी. "गणितात ढ. गळा चांगला. नाताळात पुढे उभा करावा." "सुगीमुळे पंधरवडा गैरहजर, घरी जाऊन आणला." "इन्स्पेक्टरसमोर बोलला नाही, नंतर सगळे बरोबर सांगितले." इथं दुकानाला आणखी एक मार्क, कारण नावं छापायची का हे त्यांनी आम्हाला आधी विचारलं. त्यातले काही जण आज आजोबा झालेत, कशाला कुणाला 'ढ' म्हणून छापायचं. फक्त आद्याक्षरं ठेवली.

मधे मोठा इतिहास पण येतो पण तो आजोबांच्या पद्धतीनं, बारीक. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडनं फौज नळदुर्गाच्या वाटेनं निजामाच्या हद्दीत शिरली, त्या आठवड्यात "शाळा बंद" आणि पुढं रोज एक आकडा, चर्चमध्ये रात्री झोपायला किती माणसं आली त्याचा. कोण, कुठल्या धर्माची, काही नाही, फक्त आकडा आणि किती भाकऱ्या लागल्या. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्य बदललं, शाळेच्या कागदांवर हैदराबादचं म्हैसूर झालं, पुढं १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक. बिशपनी न हलवता झालेल्या बदल्या, पप्पांचा विनोद आहे हा. १९७२ च्या दुष्काळात हजेरीपट निम्मा रिकामा, पोरं आईबापांमागं खडी फोडायला इकडं सोलापूर जिल्ह्यात आलेली, आणि त्यांची नावं न काढता समोर "येईल" असं लिहिलेलं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते सोलापुरातच होते, शेवटच्या वहीत उमरगा भागातल्या जुन्या विद्यार्थ्यांची यादी आहे, खबर आली तशी खूण केलेली. ती यादी आम्ही छापली नाही. ती मुलगी म्हणाली नका छापू, तिनं ती टाईप करून वेगळी प्रिंट काढून पप्पांच्या हातात दिली, तिचे पैसे लावले नाहीत.

कुरकुरीवर येते. कव्हर. पहिलं डिझाईन आलं ते सोनेरी किरणं, सूर्यास्त, मधे इंटरनेटवरनं उचललेला कुणीतरी उंच टोपी घातलेला, हातात काठी घेतलेला कॅथलिक बिशप, आणि खाली आजोबांचा पासपोर्ट फोटो गोलात. आजोबा आयुष्यभर पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि रविवारी गळ्याला ती कॉलर, बास. वर नावामागं साच्यातनं आलेलं 'कै.' तसंच. मागच्या मजकुरात त्यांना सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, पाळक करून टाकलेलं. यात काकांचा फार दोष नाही, सोलापुरातलं जुनं ख्रिस्ती काम अमेरिकन मराठी मिशनचं, ते सगळं पुढं चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेलं, त्यामुळं इथं पाळक म्हणलं की लोकांना तेच आठवतं. पण आजोबांच्या बाबतीत हे चुकवून चालणार नव्हतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झालं, आमचे मेथॉडिस्ट कित्येक वर्षं त्या बोलण्यांत होते आणि ऐनवेळी बाहेर राहिले, मग १९८१ ला मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र झाले. आजोबांना एकत्र यायचं होतं. वहीत त्या तारखेच्या आसपास "आपण गेलो नाही" एवढंच, आणि खालच्या ओळीत खडूचे पैसे. ज्या माणसानं यावर एवढंच लिहिलं त्याला मागच्या कव्हरवर परस्पर सीएनआयमध्ये घालणं म्हणजे... असो. दुरुस्त केलं, पण तीनतीनदा सांगावं लागलं, दरवेळी जुनीच फाईल उघडायचे. शेवटी साधं राखाडी कव्हर, वर फक्त त्यांच्याच अक्षरातली "पुन्हा येथेच" ही ओळ. हे पण त्या मुलीच्या डोक्यातनं.

फोटोंची छपाई बेतास बात. आतला कागद ७० जीएसएमचा मॅपलिथो घेतला, त्याच्यावर जुने फोटो काळपट उठतात, आर्ट पेपरची आठ पानं वेगळी टाकायला पायजे होती, ते काकांनी आधी सुचवायला हवं होतं, त्यांचा धंदा आहे तो. एका फोटोत बोर्डिंगच्या पोरांच्या मागं आजी उभी आहे, ती अंधारातच गेली. आत्या अजून त्यावरनं बोलते.

बाइंडिंग मात्र उत्तम. नुसतं गोंदानं चिकटवलेलं परफेक्ट बाइंडिंग स्वस्त पडतं पण काकांनीच सांगितलं की सोलापूरच्या उन्हाळ्यात कपाटात राहून त्याचा कणा ढिला होतो, पानं निसटतात, म्हणून फर्मे शिवून घ्या. शिवून घेतलं, वर जाड पुठ्ठा, कापडी पाठ. पुस्तक पूर्ण उघडं पडतं, डावं-उजवं पान एकदम वाचता येतं, जे या पुस्तकाला हवंच होतं. पन्नास प्रती काढल्या, एवढ्याला ऑफसेट परवडत नाही, डिजिटल केलं. टायपिंग मराठी पानाला चाळीस रुपये, कानडी किंवा हिशेबाचं टेबल असेल तर साठ, आणि त्या टेबलांचे साठ देताना मला लाज वाटली इतकी मेहनत होती. प्रूफं तीन वेळा देतात, तिसऱ्यानंतर पैसे लावतात. प्रूफरीडर वेगळा नाही, वाचायचं तुम्हीच. बायबलचे संदर्भ, अध्याय-ओवी आणि गायनांचे क्रमांक स्वतः ताडून बघा, तिथं आकड्यांची उलटापालट भरपूर निघाली, उपासना संगीत हे गायनांचं पुस्तक शेजारी घेऊन बसलो तेव्हा सापडली.

कुणाला द्यायचं असेल तर पावसाळ्यात द्या. दिवाळीनंतर ते मेपर्यंत पत्रिकांचा सीझन, तेव्हा तुमची वही कोपऱ्यात पडून राहणार, आणि गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत तर त्या बाजूला गाडी घालूच नका. दुपारी शटर अर्धं खाली असतं पण आत माणूस असतो, हाक मारा. निम्मे पैसे आधी, फोन पे चालतं. वह्या देताना यादी करून दोघांच्या सह्या घ्या, काका स्वतः म्हणतात घ्या म्हणून. आणि काम त्या मुलीकडंच द्या असं स्पष्ट सांगा, ती शनिवारी नसते. काकांनी अल्बम उघडून साचे दाखवायला सुरुवात केली तर चहा प्या, कौतुक करा, पण कव्हरचा विषय तिथं काढू नका.